परमा जगवण्याची नोकरी

डॉक्टर लोक जे मारतात ते जगवण्याचा मी पगार घेतो. चंद्रपूरच्या एका सरकारी प्रयोगशाळेत मी तंत्रज्ञ आहे. रक्त, लघवी, थुंकी या नेहमीच्या कामांच्या जोडीला माझ्या टेबलावर आणखी एक काम येऊन पडलेलं आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या दवाखान्यांतून परमा, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत गनोरिया, झालेल्या माणसांचे नमुने आणायचे, त्यातला जंतू प्लेटवर वाढवायचा आणि त्याच्यावर वेगवेगळ्या अँटिबायोटिकच्या बारक्या टिकल्या ठेवायच्या. कोणत्या टिकलीभोवती तो मरतो आणि कोणत्या टिकलीला भीक घालत नाही हे मोजून नागपूरला कळवायचं. नागपूर पुढे कळवतं, ते आणखी पुढे. कुठेतरी कोणीतरी देशाचा नकाशा रंगवतो म्हणे, कोणत्या भागात कोणतं औषध निकामी झालं ते दाखवणारा. त्या नकाशात आमचे दोन जिल्हे कायम कोरे.

हे काम चारचौघांत सांगण्यासारखं नाही. पहिल्यांदा एका लग्नात मी व्याह्यांच्या पंगतीत मोठ्या उत्साहाने सांगायला लागलो तर शेजारच्याने आपलं ताट दोन वीत सरकवलं. तेव्हापासून बायकोने मला उत्तर पाठ करून दिलं आहे, ‘पाणी तपासतो.’ खोटं बोलायची सवय मला अशी घरूनच लागली.

आमचे जिल्हे कोरे राहण्याचं कारण मी. पण निम्मा दोष जंतूच्या स्वभावालाही दिला पाहिजे. माणसाच्या अंगात असताना हा पैलवान. पेनिसिलिन पचवून बसला, त्यानंतर आलेली औषधं एकामागून एक पचवली, आता शेवटची एक-दोन राहिलीत त्यांच्याकडेही जिभल्या चाटत बघतो आहे. पण तोच अंगाबाहेर काढला की एकदम राजपुत्र. थंडी वाजली, मेला. ऊन लागलं, मेला. प्लेट जरा सुकली, मेला. खायलाही याला साधं काही चालत नाही. बोकडाचं रक्त तापवून तपकिरी झालेलं एक खास खाद्य प्लेटमध्ये थापावं लागतं. त्याला चॉकलेट आगर म्हणतात, आणि नवीन असताना मी त्याचा आशेने वास घेतला होता हेही सांगून टाकतो.

याला मोकळी हवादेखील सोसत नाही. म्हणून रुंद तोंडाची काचेची बरणी घ्यायची, प्लेट आत ठेवायची, शेजारी मेणबत्ती पेटवायची आणि झाकण घट्ट लावायचं. मेणबत्ती आतली हवा खाऊन विझते, आणि उरलेली ती कोंदट हवा राजपुत्राला मानवते. मेणबत्ती साधी पांढरी लागते. एकदा ती संपली म्हणून मी घरातली, दिवाळीत भेट आलेली, गुलाबाच्या वासाची पेटवली. दुसऱ्या दिवशी सबंध प्रयोगशाळेला बागेचा वास येत होता आणि प्लेटवर काहीही नव्हतं.

त्याच्याही आधीचा पराक्रम बर्फाचा. आम्ही सगळे लसीकरणाच्या तालमीत तयार झालेले. दवाखान्यातून काहीही हलवायचं असेल तर ते बर्फाच्या डब्यात घालायचं, हे आमच्या हातांना डोक्याआधी कळतं. पहिल्या वर्षी मी गावोगावच्या सिस्टरांना जमवून दमच दिला, नमुना थंड राहिला पाहिजे. त्यांनी इमानेइतबारे बर्फात घालून पाठवले आणि मी इमानेइतबारे मढी तपासत बसलो. शेवटी नागपूरच्या मॅडमनी फोनवर विचारलं, ‘तुम्ही यांना ठार मारून पाठवता का?’ मग मी पुस्तक उघडलं. पुस्तकात लिहिलं होतं, नमुना खोलीच्या तापमानाला ठेवावा. ते लिहिणाऱ्याने चंद्रपूरची मे महिन्यातली खोली पाहिलेली नसावी.

तर असा मी, हिवाळ्यात एकदा गडचिरोलीपलीकडच्या धानोऱ्याच्या दवाखान्यात प्लेटा घेऊन गेलो होतो. तिथल्या सिस्टर माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आणि दहा पटीने खमक्या. मी आत शिरलो तर त्या एका मुलीला झापत होत्या. मुलगी म्हणजे लग्न झालेलीच, पण वय कोवळं. ओटीपोटावर हात धरून बाकावर बसली होती.

‘सर, या. तुमच्याच कामाची केस आहे,’ सिस्टर म्हणाल्या. ‘हिले विचारा, नवऱ्याच्या गोळ्या कोणी खाल्ल्या.’

मी विचारलं नाही. सिस्टरनीच सांगितलं. मुलगी पलीकडच्या एका गावातली. सासरी थोडी धानाची शेती, नवरा ट्रकवर. पहिल्यांदा अंगावरून पांढरं जातं म्हणून आली तेव्हा नियमाप्रमाणे गोळ्यांच्या दोन पुड्या दिल्या, एक तिची, एक नवऱ्याची. कारण दोघांनी घेतलं नाही तर एक बरं होतं आणि दुसरं पुन्हा लावतं. थोड्या दिवसांनी ती परत आली, दुखणं तसंच.

‘मी इचारलं, नवऱ्यानं खाल्ल्या का? म्हणे हव. तुह्यासमोर? त मान खाली.’

‘त्यो नाई म्हणे,’ मुलगी जमिनीकडे बघत म्हणाली. ‘फेकून देत होता. मंग मीच खाल्ल्या.’

‘तू काऊन खाल्ल्या वं?’

‘चांगलं औषध वाया काऊन घालवाचं? मले वाटलं, डबल खाल्लं त लवकर बरं होईन.’

मला हसू आलं आणि सिस्टरनी माझ्याकडे असं पाहिलं की ते तिथेच वाळलं. दुसऱ्या खेपेला तिला इंजेक्शन दिलं होतं. आता ही तिसरी खेप. आणि या वेळी नवऱ्याच्या नावाने बोटं मोडून भागणार नव्हतं, कारण इंजेक्शनच्या आधीपासून तो छत्तीसगडकडे ट्रकवर होता, घरी फिरकलाच नव्हता. म्हणजे रोग पुन्हा लागला नव्हता. तो गेलाच नव्हता. औषधच लागू पडत नव्हतं.

दवाखान्यातले डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘सूज वर चढते आहे. असंच चाललं तर नळ्या बंद होतील, मग हिला मूल विसरा. तुमच्या प्लेटवर जंतू वाढला तर मला कळेल काय द्यायचं. नाही वाढला तर मी तेच इंजेक्शन टोचत बसणार.’

बाहेर ओट्यावर सासू बसली होती. तिने सिस्टरना आधीच हिशेब ऐकवून ठेवला होता. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी गावातली टोळी मिरची तोडायला तेलंगणात निघणार, सूनही जाणार. ‘मिरचीवरून आली का पाहू. मंग पोट राह्यलं त ठीक, नाई त पोचवून देऊ तिच्या मायच्या घरी.’

म्हणजे चार दिवसांवरच्या आठवडी बाजारापर्यंत मला उत्तर आणायचं होतं. नमुना घेतला, प्लेटवर फिरवला, प्लेट बरणीत, मेणबत्ती पेटवली, झाकण लावलं. ज्योत लहान लहान होत विझली, तशी मुलगी बाकावरून वाकून बघत होती.

‘याच्यात समजते का जी?’

‘सगळं समजतं. बाजाराच्या दिवशी ये, औषध तयार असेल.’

‘पक्कं?’

‘माझी जबाबदारी,’ मी म्हणालो. छाती काढून म्हणालो. सिस्टरनी दुसरीकडे पाहिलं.

परतायला गाडी नव्हती. ती कोणा साहेबांना घेऊन कसल्याशा उद्घाटनाला गेली होती. मग एसटी. थंडी चांगलीच होती, म्हणून मी अंगातला स्वेटर काढून बरणीला घातला आणि स्वतः शर्टावर कुडकुडत गडचिरोलीच्या गाडीत बसलो. बरणी मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेली, बारशाहून परतणाऱ्या आईसारखी.

शेजारी एक म्हातारी येऊन बसली. पांढरेशुभ्र केस, निळ्या काठाचं पातळ, पायाशी पिशवी. खिडकीतून तिने कोणाला तरी ठणठणीत आवाजात जयभीम घातला आणि गाडी हलल्याबरोबर माझ्याकडे वळली.

‘काय आहे जी त्याच्यात? लयच जपून राह्यले.’

आता इथे मी ‘पाणी’ म्हणू शकत नव्हतो. बरणीत पाणी नव्हतं.

‘लोणचं,’ मी म्हणालो.

‘लिंबाचं?’

‘लिंबाचं.’

इथे थांबायला हवं होतं. पण एकदा खोटं बोलायला लागलो की मला त्यात नक्षीकाम केल्याशिवाय राहवत नाही. आमच्याकडे बिनतेलाचं करतात, मी सांगितलं. बायको गूळ टाकते. मग उन्हात मुरवते, रोज फडकं बदलते, परक्या बाईला हात लावू देत नाही. म्हातारीने एकेक गोष्ट मान डोलवत ऐकून घेतली. तीही चंद्रपूरलाच निघाली होती, लेकीकडे. गडचिरोलीपर्यंत आमची अशी गट्टी जमली की मला स्वतःलाही त्या लोणच्याची चव लागायला लागली.

गडचिरोलीला गाडी बदलायची. चंद्रपूरची लागलेलीच होती आणि दाराशी झुंबड. म्हातारी त्या वयातही गर्दीत शिरली ती आधी आत पोचली आणि खिडकीतून तिने दोन्ही हात बाहेर काढले. ‘द्या इकडं बरणी. तुमची जागा धरली.’ जागा धरायला आपण खिडकीतून रुमाल टाकतो, टोपी टाकतो. मी परमा टाकला. आणि गाडी सुटायला वेळ आहे असं पाहून निवांत पोहे खायला गेलो, वर तर्री दोनदा मागून घेतली.

मूल गाव मागे पडल्यावर म्हातारीने पिशवीतून फडकं काढलं, पोळ्या सोडल्या आणि जरा संकोचून म्हणाली, ‘भाऊ, रागावू नका. तुमी पोहे खाले गेले तवा मी झाकण उघडलं होतं. घासभर घ्यावं म्हटलं पोळीसंग. पण लोणचं बिघडलं जी तुमचं. नुसता जळका वास.’

मी स्वेटर सारून झाकण चाचपलं.

‘अन् ते बशीत काय थापलं? गुळाची वडी वाटली मले. बोट लावून पाहिलं, त थंडगार.’

‘बोट तोंडात घातलंत?’ मी ओरडलोच.

‘नाई वो. तसल्या वासाचं कोण तोंडात घालते?’

मी तिचा हात ओढला आणि खिशातली सॅनिटायझरची बाटली त्याच्यावर उपडी केली. बोटं चोळली, नखं चोळली, पुन्हा ओतलं, पुन्हा चोळलं. मग बरणी पुसली. झाकण पुसलं. मग बरणी तिच्यापासून लांब, माझ्या पलीकडच्या अंगाला ठेवली. हे सगळं करून वर पाहिलं तर म्हातारी माझ्याकडे बघत होती. मघाचा चेहरा राहिलाच नव्हता.

‘माह्या हातानं बाटलं का जी तुमचं लोणचं?’



‘नाही हो, आजी, तसं नाही...’

‘मंग एवढं काऊन घासून राह्यले?’

मागच्या सीटवरचा एक माणूस उभा राहिला. ‘काय झालं, मावशी? कोण आहे हा?’

वरोऱ्याला आमच्या गावच्या घरात समोरच्या भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब आहेत. आजोबांनी छप्पन्न साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली आणि ती गोष्ट त्यांनी मरेपर्यंत रोज सांगितली. मी त्यांचा नातू, भर गाडीत एका आजीचा हात विटाळल्यासारखा धूत होतो.

‘अहो, मीही जयभीमवालाच आहे,’ मी म्हणालो.

‘मंग त आणखीनच वाईट,’ मागचा म्हणाला.

आता खरं बोलण्यावाचून इलाज नव्हता. मी बरणी उचलून धरली आणि जाहीर केलं की हे लोणचं नाही, यात रोगाचे जंतू आहेत, मी सरकारी माणूस आहे, तपासायला नेतो आहे.

‘कोणत्या रोगाचे?’ कंडक्टर.

 तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, ‘टीबी असन!’ पुढच्या बायकांनी पदर नाकाला लावले, एकाने खिडक्या उघडायला सुरुवात केली, आणि कंडक्टरचा हात घंटीच्या दोरीकडे गेला. मला जंगलात उतरवलं तर प्लेट संपली.

‘टीबी नाही! परमा आहे! हवेतून होत नाही तो!’

 मग शेवटच्या बाकावरून एक आवाज, ‘मंग कशानं होते?’ आणि सगळी गाडी हसली. कंडक्टर हसता हसता म्हणाला, ‘तुमचाच आहे का?’

म्हातारी तेवढी हसली नाही. तिने पोळ्या परत फडक्यात बांधल्या, पिशवी उचलली, पुढच्या सीटवर जाऊन बसली आणि तिथून मागे वळून म्हणाली, ‘अन् बायको गूळ टाकते म्हणे!’

चंद्रपूरपर्यंत मला एसटीत तीन माणसांची सीट एकट्याला मिळाली. उतरताना मी आजीला सांगायला गेलो, दोन दिवसांत काही वाटलं तर दवाखान्यात या. तिने माझ्याकडे न बघता तोच हात पाठीमागे नेला.

दुसऱ्या दिवशी इन्क्युबेटर उघडलं तर प्लेटवर मधोमध आजीच्या बोटाचा ठसा उगवलेला होता. रेघ न् रेघ स्पष्ट, पोलिसांनी घ्यावा तसा. त्वचेवरचे नेहमीचे जंतू, पिवळे, टरटरीत, शेजारच्यांना गिळत पसरलेले. मी प्लेट टाकून द्यायला उचलली, आणि उजेडात तिरकी झाली तेव्हा अगदी कडेला टाचणीच्या डोक्याएवढे चार-पाच ठिपके चमकले. करडे, पाणीदार. त्यातला एक उचलून रसायनाला लावला. जांभळा झाला.

तोच होता. थंडी, धूर, तर्री, कंडक्टर, सगळ्यांतून जिवंत आलेला. मी प्रयोगशाळेत एकट्याने टाळ्या वाजवल्या. पण आजीच्या जंतूंपासून त्याला वेगळा काढल्याशिवाय टिकल्या ठेवता येत नव्हत्या. त्यासाठी नवी प्लेट, पुन्हा वाढ. ती वाढली तर त्यात पुन्हा एक पिवळा पाहुणा. पुन्हा नवी प्लेट. बाजाराचा दिवस उजाडला तेव्हा राजपुत्र नव्या प्लेटवर नुकता डोळे उघडत होता.

सिस्टरचा फोन आला. ‘सर, ती येऊन बसली आहे. काय सांगू?’

‘सांगा, जंतू सापडला!’

‘ते तिलेही माहीत आहे, सर. औषध कोणतं?’

‘त्याला अजून तीन-चार दिवस लागतील.’

 सिस्टरनी फोन मुलीच्या हातात दिला असावा, कारण एकदम बाजाराचा गलका कानात आला आणि तिचा आवाज, जपून, मोठ्याने, ‘झालं का जी?’

‘झालं नाही, होत आलंय. थोडं थांबता येईल का तुला?’

‘पिकअप उद्या सकाळी निघून राह्यली.’

‘तुझ्याकडे फोन आहे?’

‘फोन नवऱ्यापाशी राह्यते.’ मग म्हणाली, ‘मंग आल्यावर घेईन जी. ठेवसान ना माह्यासाठी?’

‘ठेवतो,’ मी म्हणालो.

डॉक्टरांनी तेच इंजेक्शन आणखी एकदा टोचलं. त्यांच्याजवळ दुसरं काय होतं?

मग सगळं सुरळीत झालं. जंतू शुद्ध वाढला, टिकल्या ठेवल्या. गोळ्यांतल्या औषधाच्या टिकल्या त्याने चाटूनपुसून खाल्ल्या. नेहमीच्या इंजेक्शनच्या टिकलीभोवती नावापुरती जागा सोडली. नागपूरला पाठवला, तिथेही तसाच निघाला. मॅडमचा फोन आला तेव्हा त्यांच्या आवाजात मी कधी न ऐकलेला आनंद होता.

‘वा! तुमच्या भागातून पहिलाच, आणि कसला! आम्हाला असाच हवा होता.’

‘असाच म्हणजे?’

‘दाद न देणारा.’

मी प्रयोगशाळेत आणि घरच्या गल्लीत पेढे वाटले. हे खोटं नाही. ज्याने एका मुलीचं पोट जाळत आणलं होतं त्याच्या नावाचे पेढे मी वाटले आणि लोकांनी खाल्ले, ‘पाणी तपासता तपासता काय सापडलं बुवा’ असं विचारत. तिसरा पेढा तोंडात घालताना मला ती आठवली आणि मी मॅडमना पुन्हा फोन लावला. याच्यावर चालतं काय? त्यांनी एक जुनं, स्वस्त इंजेक्शन सांगितलं. ज्याच्याकडे आता कोणी बघत नाही, असं.

मी धानोऱ्याला कळवलं. सिस्टर म्हणाल्या, ‘ते? ते त माह्या मागच्या कपाटात आहे, सर. त्या दिवशीही होतं.’

तिला शोधण्याचा उद्योगही मी माझ्याच पद्धतीने केला. टोळीच्या मुकादमाचा नंबर मिळवला. मुकादम तेलुगू, मी मराठी, मधे दोघांची मोडकी हिंदी. आजाराचं नाव तर घेता येत नव्हतं. मी म्हणालो, ‘उसको बोलो, रिपोर्ट आया है, जल्दी दवाई लेना पडेगा.’ मुकादमाने विचारलं, ‘कौनसा रिपोर्ट? कोरोना?’ मी ‘नहीं, नहीं’ म्हणेपर्यंत तो पलीकडे कोणाला तरी ओरडून सांगत होता. सगळी टोळी शेतातून हाकलतील या भीतीने मी म्हणालो, ‘राँग नंबर,’ आणि फोन ठेवला. नंतर लावला तर त्याने उचलला नाही. सिस्टरनी त्या गावच्या आशाताईंकडून निरोप धाडला. तो कोणामार्फत कुठपर्यंत गेला, देव जाणे.

होळीला टोळ्या परतल्या. ती परतली नाही. तिकडेच दुखणं वाढलं, ती कामावर उभी राहीना, तेव्हा टोळीतल्याच कोणीतरी तिला परस्पर माहेरी नेऊन सोडलं. माहेर छत्तीसगडच्या सरहद्दीपलीकडचं. गावाचं नाव एकाने एक सांगितलं, दुसऱ्याने दुसरं. सासू म्हणाली, ‘आमाले काय माईत?’ तिचा जंतू मात्र नागपुरात व्यवस्थित आहे. नळीत बंद केलेला, गोठवलेला, वर नंबर चिकटवलेला. तिथून पुढच्या प्रयोगशाळेत जाऊन आला. नकाशावर आमच्या भागाला आता रंग आहे.

मे महिन्यात सिस्टरचा फोन आला. ‘सर, धानोऱ्याले या.’

‘काय झालं?’

‘त्या ट्रकवाल्यानं दुसरी करून आणली. ती येऊन बसली आहे बाकावर. पोट धरून.’

त्या दिवशी गाडी होती, अडीच-तीन तासांत पोचायला हवं होतं आणि टायर फुटून दुपार झाली. सिस्टरनी ते जुनं इंजेक्शन काढून ठेवलं होतं, दोघांसाठी दोन. नवी मुलगी पहिलीपेक्षाही लहान दिसत होती. ती मुकाट आत गेली. नवरा मात्र आत यायला तयार नव्हता. फाटकाशी मोहाच्या झाडाच्या सावलीत मोटरसायकलवर बसून पन्नीतला खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी-चुना, घोटत होता.

‘सर, तुमी बोला,’ सिस्टर म्हणाल्या. ‘माणसाचं माणूस ऐकते. मी आतलीले टोचून घेतो, तवरीक त्याले जाऊ देऊ नका.’

मी गेलो. दिसायला चांगला होता, हसरा. मला वाटलं होतं एखादा राक्षस असेल.

‘तुमीच का ते लॅबवाले?’

‘हो. एक इंजेक्शन घ्यायचं आहे तुम्ही. दोन मिनिटांचं काम.’

‘मले?’ तो खरोखरच चकित झाला. ‘मले काई नाई झालं जी. पहिलीले होतं. आता हिले झालं.’ पन्नीतला खर्रा तळहातावर घेत, स्वतःच्या नशिबाची कीव करत म्हणाला, ‘बायाच खराब भेटून राह्यल्या मले.’

मी प्लेटा, टिकल्या, पुरुषाच्या अंगात लक्षण नसतानाही जंतू कसा राहतो, सगळं सांगितलं. सोप्या भाषेत, उदाहरणं देऊन. तो मान डोलवत राहिला, त्या गाडीतल्या आजीसारखा. मग उठायला लागला. त्याला थांबवायचं म्हणून मी म्हणालो, ‘बसा हो, घाई काय? खर्रा तरी द्या.’

‘खाता का?’

‘वा, म्हणजे काय!’

जन्मात खर्रा खाल्लेला नव्हता. त्याने प्रेमाने मोठा घास दिला, मी तो तोंडात टाकला आणि दाढेखाली धरला. त्याने आणखी दोन गोष्टी सांगितल्या, ट्रकच्या, मालकाच्या. मला त्या ऐकू येईनाशा झाल्या. मोह फिरायला लागला, कानशिलं तापली, घाम फुटला. मी फाटकाचा खांब धरून खाली बसलो. कोणीतरी हसल्यासारखं वाटलं. ‘सवय नाई वाटते,’ तो म्हणाला. जरा काळजीनेच म्हणाला.

मुलगी कमरेवर हात दाबत बाहेर आली. त्याने किक मारली. ती एका अंगाला बसली, त्याच्या शर्टाला धरलं, आणि दोघं गेले. धूळ बसायलाही थोडा वेळ लागला.

सिस्टर दाराशी आल्या. हातात दुसरं इंजेक्शन, भरलेलं.

‘गेला?’

मी मान हलवली.

‘मंग हे काय करू, सर?’

तोंडात खर्रा होता, बोलता येईना. मी हातानेच सांगितलं, टाकून द्या.